घरात एक जण शाकाहारी झालं की आठवड्याचा बेत कसा बदलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मुलीने तेराव्या वर्षी मांस सोडलं. आम्ही बाकीच्या तिघांनी सोडलं नाही. घरात स्वयंपाक मी करतो, त्यामुळे आठवड्याचा बेत मोडून पुन्हा बसवायचं काम माझ्याकडे आलं. आता त्याला पाच वर्षं झाली. ओळखीतल्या कुणाच्या घरी असंच घडलं की मला फोन येतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

रोज दोन स्वयंपाक करावे लागतील का?

नाही, आणि तसा प्रयत्न करूही नका. दोन स्वयंपाक महिनाभर जमतात. मग करणारा थकतो आणि कात्री लागते ती शाकाहारी माणसाच्या ताटाला. आमच्याकडे पहिले तीन महिने हेच चाललं होतं. तिघांसाठी नेहमीचं जेवण व्हायचं आणि मुलीला "तुला बटाट्याची भाजी आहे ना" एवढं सांगून आम्ही मोकळे व्हायचो. ती कधी तक्रार करायची नाही. एका रात्री दहाच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर ती अंधारात ओट्यापाशी उभी राहून कोरडा पाव खात होती. ती रोज जेवून अर्धपोटी उठत होती आणि ते मला तीन महिने दिसलं नव्हतं.

तेव्हापासून एक नियम पाळतो: बेत एकच, मसाला एकच आणि फाटा जितका उशिरा फुटेल तितका बरा. रस्सा आधी मांसाशिवाय पूर्ण करायचा. कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, मसाले, तेल सुटेपर्यंत सगळं परतून घ्यायचं. मग तो दोन भांड्यांत वाटायचा. एका भांड्यात वेगळं शिजवलेलं मांस जातं, दुसऱ्यात सोया चंक्स किंवा टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. दोन्ही भांडी दहा मिनिटं मंद आचेवर ठेवली की झालं. जास्तीचा वेळ पंधरा मिनिटांच्या वर जात नाही. धुवायला भांडं मात्र एक वाढतं, ते मान्य करावंच लागतं.

यात क्रम चुकवू नका. मांस पातेल्यात पडलं की तो रस्सा शाकाहारी राहत नाही. तुकडे बाजूला सारून "नुसता रस्सा घे" म्हणणं ही त्या माणसाची फसवणूक आहे. तो काही बोलला नाही तरी त्याला ते कळतं.

काही पदार्थांना असा फाटा फुटत नाही. हाडांसकट मांस दोन-तीन तास शिजून त्याचा अर्क रश्श्यात उतरतो, तो पदार्थ मुळातच मांसाचा असतो. असा बेत आठवड्यातून एकदाच ठेवतो आणि त्या दिवसासाठी मुलीचा डबा आधीच करून फ्रीझरमध्ये असतो.

कोणत्या मांसाऐवजी काय वापरायचं?

तक्ता मागणारे बरेच भेटतात. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: या पदार्थात मांस नेमकं काय काम करत होतं? मांस एका वेळी चार कामं करतं. प्रथिनं देतं, दाताखाली काहीतरी चावायला देतं, चव गडद करतं आणि चरबी सोडतं. एकच पर्याय ही चारही कामं करील अशी अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली. कामं वाटून द्या, मग पदार्थ जमतो.

खिम्याचे पदार्थ सगळ्यात सोपे. तिथे चव मसाल्याची असते आणि हवा असतो तो फक्त बारीक, दाणेदार पोत. सोयाचे दाणे किंवा थोडे कमी शिजवलेले अख्खे मसूर ते काम चोख करतात. मी दोन्ही निम्मे-निम्मे घालतो. नुसत्या सोयाने पदार्थ कोरडा होतो, नुसत्या मसुराने त्याची आमटी होते.

रश्श्यात बोटभर तुकडे हवे असतील तर सोया चंक्स किंवा सेतान. सेतान म्हणजे गव्हाच्या पिठातला स्टार्च धुऊन काढल्यावर उरणारं ग्लुटेन हे चिवट प्रथिन, पाण्यात मंद शिजवलेलं. खळखळून उकळलंत तर ते स्पंजासारखं फुगतं. चावायला ते मांसाच्या सगळ्यात जवळ जातं. मात्र ज्यांना सिलिअॅक आजार आहे किंवा गहू चालत नाही त्यांच्यासाठी ते पूर्ण वर्ज्य आहे.

भाजून किंवा तव्यावर खरपूस करून खायचं असेल तर घट्ट टोफू आणि टेंपे. टेंपे हे इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं अन्न. शिजवलेल्या सोयाबीनवर एक विशिष्ट बुरशी वाढवून ते आंबवतात आणि दाणे एकमेकांना चिकटून त्यांची वडी होते. ती थोडी कडवट लागते. दहा मिनिटं वाफवून मग परतली की कडवटपणा बराच उतरतो.

राहिली चव. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. मांसाच्या रश्श्याला जो भरीवपणा येतो त्यात याच चवीचा मोठा वाटा असतो आणि ती वनस्पतींतूनही मिळते. वाळवलेले मशरूम, सोया सॉस, भरपूर आटवलेला टोमॅटो यांतलं काहीतरी शाकाहारी भांड्यात जास्तीचं घाला. सॉस खारट असतो, म्हणून मीठ त्या अंदाजाने कमी करा. मांस स्वतःची चरबी सोडतं, पर्याय सोडत नाही. त्यामुळे त्या भांड्यात चमचाभर तेलही वाढवावं लागतं. माझे सुरुवातीचे बहुतेक पदार्थ फिके पडले ते या दोन गोष्टी राहून गेल्यामुळे. मी मात्र दोष टोफूला देत होतो.

प्रमाण किती घ्यायचं?

१०० ग्रॅम कच्च्या, बिनहाडाच्या चिकनमध्ये साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढीच प्रथिनं हवी असतील तर कोरडे सोया चंक्स ४०-४५ ग्रॅम पुरतात, कारण त्यांत निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचंच असतं. टेंपे ११० ग्रॅमच्या आसपास लागतं, घट्ट टोफू १५० ग्रॅम. टोफूचे ब्रँड एकमेकांपेक्षा बरेच वेगळे असतात, म्हणून पाकीट वाचा. मऊ, रेशमी टोफूत निम्मीच प्रथिनं असतात. शिजवलेल्या कडधान्याच्या दोन मोठ्या वाट्या, म्हणजे साधारण २४० ग्रॅम, धरायच्या.

पण प्रत्येक जेवणात हा हिशोब तंतोतंत जुळवायची गरज नाही. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरेशी धरतात. ६० किलोच्या माणसाला झाली ५० ग्रॅम. ती डाळी, धान्यं, दूध, सुकामेवा असं सगळं मिळून दिवसभरात येतात. मुख्य जेवणात १५ ते २० ग्रॅम आली की मी पुढचा विचार करत नाही. धान्यात लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी असतो, डाळींमध्ये तो भरपूर असतो. एकाच घासात नाही, पण दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की भागतं.

सोया चंक्सना वास येतो आणि ते रबरासारखे लागतात. काय चुकतं?

बहुधा ते नीट पिळले जात नाहीत. पाकिटावर "गरम पाण्यात भिजवा" एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण तेवढंच करतो.

पाण्याला खळखळून उकळी आणा, मीठ घाला, चंक्स टाका आणि पाच-सात मिनिटं उकळू द्या. वर पिवळसर फेस जमेल. तो वास त्या पाण्यात उतरलेला असतो, म्हणून ते पाणी ओतून द्या, रश्श्यात वापरू नका. चंक्स थंड पाण्यात घाला. हाताला सोसले की तीन-चार तुकडे मुठीत घेऊन घट्ट दाबा. दुधाळ, फेसाळ पाणी बोटांच्या फटींतून बाहेर येतं. पुन्हा थंड पाण्यात टाका, पुन्हा पिळा. पिळताना निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं. साधारण तीन वेळा करावं लागतं. तुकडा मुठीत चपटा होतो आणि सोडला की हळूहळू फुगतो. तसा फुगताना तो जे मिळेल ते ओढून घेतो. म्हणून पिळलेले चंक्स लगेच मीठ, आलं-लसूण, तिखट आणि थोडं आंबट घातलेल्या मिश्रणात टाका. आता ते मसाला पितात. आधी नुसतं पाणी पीत होते.

अर्ध्या तासाने थोड्या तेलात कडा तांबूस होईपर्यंत परता आणि रश्श्यात शेवटची दहा मिनिटं सोडा. मांस जितकं शिजवावं तितकं मऊ होतं, कारण त्यातल्या तंतूंमधलं कोलॅजेन विरघळतं. सोयाला हे लागू नाही. तो तासभर शिजवून सुधारत नाही, उलट लिबलिबीत होतो.

टोफू तुटतो आणि त्याला चवच लागत नाही.

फ्रीझ करा. पाकिटातलं पाणी काढून टोफू रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. तो पिवळा पडेल. घाबरू नका, वितळला की पुन्हा पांढरा होतो. आत बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि ते वितळल्यावर त्यांच्या जागी बारीक भोकं राहतात. दोन्ही तळव्यांमध्ये धरून दाबला की पाणी निथळतं आणि हातात येतो तो चिवट, जाळीदार तुकडा. तो तुटतही नाही आणि मसालाही धरतो. हे घट्ट टोफूला लागू आहे, रेशमी टोफूला नाही.

घाई असेल तर तुकडे पुसून, वर थोडं कॉर्नफ्लोअर भुरभुरवून तव्यावर खरपूस करा. मसाल्यात तासन्तास मुरवत ठेवून फारसा फायदा होत नाही. मसाला वरच्या पापुद्र्यातच राहतो, म्हणून तुकडे लहान करा.

फणस किंवा मशरूम घातले तर चालेल ना?

चवीसाठी आणि पोतासाठी दोन्ही उत्तम. कोवळ्या फणसाचे रेषे मांसासारखे सुटतात. पण १०० ग्रॅम फणसात प्रथिनं दोन-तीन ग्रॅमच असतात, मशरूममध्ये तीनच्या आसपास. त्या दिवशी बाजूला डाळ, दही किंवा चणे हवेतच. ताट भरलेलं दिसतं आणि माणूस तासाभरात भुकेला होतो, त्याचं हे नेहमीचं कारण.

बाजारात मिळणाऱ्या तयार पॅटी, सॉसेज, नगेट्स रोज दिले तर?

आठवड्यातून एक-दोनदा द्यावेत. थकल्या दिवशी त्यांचा मोठा आधार असतो आणि तो घेण्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. रोज मात्र नको, मुख्यतः मिठामुळे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. पाकिटावर दर १०० ग्रॅममागे दीड ग्रॅमहून जास्त मीठ, म्हणजे ६०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम दिसलं, तर तो पदार्थ खारट गटातला समजा. खोबरेल तेल वापरलेलं असेल तर संतृप्त चरबीचा आकडाही पाहा.

दुसरा आकडा प्रथिनांचा. 'व्हेज' लिहिलेल्या कितीतरी पॅटी म्हणजे बटाटा आणि पावाचा चुरा असतो. १०० ग्रॅममध्ये निदान १० ग्रॅम प्रथिनं नसतील तर तिला मांसाचा पर्याय न म्हणता भाजीची टिक्की म्हणावं.

या पॅटी गरमच का बऱ्या लागतात असंही बरेच जण विचारतात. अनेकींमध्ये मिथाइलसेल्युलोज हा मिश्रण बांधून ठेवणारा पदार्थ असतो. तो तापल्यावर घट्ट होतो आणि गार झाल्यावर सैल पडतो. म्हणून तव्यावर घट्ट असलेली पॅटी डब्यात भुसभुशीत निघते. डब्यासाठी टोफू किंवा टेंपे बरं.

लोह आणि बी-१२ कमी पडेल का?

लोहाकडे लक्ष द्यावं लागतं. वनस्पतींमधलं लोह शरीरात मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं, पण सोबत 'क' जीवनसत्त्व असलं की शोषण वाढतं. शेंगवर्गीय पदार्थावर लिंबू पिळा, सोबत टोमॅटो किंवा सिमला मिरची कच्ची द्या. चहा-कॉफी जेवणाला लागून घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. कडधान्यं भिजवली, मोड आणले किंवा आंबवली की लोह आणि जस्त अडवून ठेवणारे फायटेट कमी होतात.

बी-१२ ची गोष्ट वेगळी. ते वनस्पतींमध्ये भरवशाच्या प्रमाणात मिळत नाही. प्रौढांना दिवसाला साधारण २.४ मायक्रोग्रॅम लागतं आणि एक कप दुधातून एक मायक्रोग्रॅमच्या आसपास येतं. दूध, दही, अंडी व्यवस्थित खाणाऱ्याचं भागू शकतं. हे काहीच न खाणाऱ्याने पूरक गोळी किंवा बी-१२ मिसळलेले पदार्थ घ्यायलाच हवेत. पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पिरुलिना या शेवाळावर विसंबू नका, त्यातलं बरंचसं बी-१२ शरीराला वापरता येत नाही. यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता उशिरा जाणवते, कधी कधी काही वर्षांनी. 'मला तर काहीच होत नाही' हा पुरावा धरू नका. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या.

सोयाबीनमुळे पुरुषांच्या हार्मोन्सवर परिणाम होतो का?

नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात नाही. पुरुषांवर झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात टेस्टोस्टेरॉन घटलेलं आढळलं नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलावं, कारण सोयामुळे गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. गोळी आणि सोयाचं जेवण यांत अंतर ठेवायला सांगतात. सोयाची अॅलर्जी असलेल्यांनी मसूर, चणे, वाटाणा यांवर भर द्यावा.

शाकाहारी दिसणाऱ्या कशात मांसाचा अंश असतो?

मला यातल्या निम्म्या गोष्टी मुलीने शिकवल्या. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून करतात, ते जेलीत आणि मार्शमेलोत असतं. काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. पार्मेजानो रेज्जानोमध्ये तर ते असतंच. वूस्टरशायर सॉसमध्ये पारंपरिक पद्धतीने अँकोव्ही मासे घालतात. तयार करी पेस्टमध्ये कोळंबी निघते, रश्श्याच्या क्यूबमध्ये चिकनची चरबी. मायकोप्रोटीनच्या, म्हणजे बुरशीपासून केलेल्या, काही पर्यायांत अंड्याचा पांढरा भाग असतो. तो कुणाला चालतो, कुणाला नाही.

तळायचं तेल आणि कढई एकच वापरली तर?

हे शाकाहारी माणसाला विचारा आणि तो म्हणेल ते पाळा. काहींना धुतलेली कढई चालते, काहींना वेगळी हवी असते. ज्या तेलात मांस तळलं त्यात टोफू तळणं मात्र बहुतेकांना चालत नाही. आमच्याकडे आधी शाकाहारी तळण होतं, मग दुसरं. चमचे दोन, आणि तिच्या चमच्याच्या दांड्याला हिरवा दोरा बांधलेला आहे. पाहुण्यांच्या गर्दीत तो दोरा फार उपयोगी पडतो.

मग प्रत्यक्ष आठवडा कसा बसवायचा?

आधी जुना बेत समोर ठेवा आणि मांसाची जेवणं मोजा. आमच्याकडे सातांपैकी पाच रात्री होत्या. त्यांतल्या दोन सरळ कडधान्यांच्या केल्या, सगळ्यांसाठी. कुणाला पर्याय शोधावाच लागत नाही, म्हणून या रात्री सगळ्यात निवांत जातात. दोन रात्री फाट्याच्या, म्हणजे एक रस्सा आणि दोन भांडी. एक रात्र खिम्याची. त्या रात्री सगळ्यांनाच सोया आणि मसूर वाढले. धाकट्याला तिसऱ्या आठवड्यापर्यंत फरक कळला नव्हता. कळल्यावरही त्याने तेच मागितलं.

फाट्याच्या दोन रात्री लागोपाठ ठेवू नका, त्या दिवशी काम खरंच जास्त असतं. एकच पर्याय आठवड्यात तीनदा आला की माणूस कंटाळतो. सोया एकदा, टोफू किंवा टेंपे एकदा, बाकी कडधान्यं, असं फिरवा.

सुट्टीच्या दिवशी एक तास काढा. चंक्स उकळून, पिळून, परतून एकेका जेवणापुरते फ्रीझ करा. कांदा-टोमॅटोचा मसाला दोन वेळांचा करून ठेवा. राजमा शिजवायचा असेल तर भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या राजम्यात लेक्टिन हे विषारी प्रथिन असतं आणि मंद आचेच्या भांड्यात ते नष्ट होत नाही, उलट्या-जुलाब होऊ शकतात. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

मुलांच्या ताटाचं काय?

मुलांचं पोट लहान असतं आणि कडधान्यांतल्या तंतूंनी ते लवकर भरतं. म्हणून कमी आकारात जास्त ऊर्जा द्या: टोफू, शेंगदाण्याचं किंवा तिळाचं कूट, तेलाचा हात थोडा सैल. वाढ मंदावलेली वाटली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आमच्या शाकाहारी माणसाला मांसासारखं काही नकोच आहे. मग?

मग देऊ नका. माझी मुलगी पहिलं वर्षभर सॉसेज मागायची, कारण मित्रमैत्रिणींसोबत तेच खायला तिला हवं होतं. सतराव्या वर्षी तिला त्याचा वासही नकोसा झाला. सेतान तर चव बरी असूनही तिने बाजूला सारलं, दाताखाली तो पोत सोसेना म्हणाली. काही लोक चव आवडते म्हणून पर्याय खातात, तर काहींनी नेमकी तीच चव सोडलेली असते. आता तिच्या भांड्यात चणे, राजमा, खरपूस टोफू असं असतं. रस्सा अजूनही एकच आहे. तो दोन भांड्यांत वाटायच्या आधी चमच्यावर घेऊन ती मीठ बघते, मग मी पुढे जातो.